सायकल वाहावी की चालवावी?

सुट्टीला मुलांच्या सायकली मोटारीमागे बांधून सहलीस निघणारी कुटुंबे आता लाटंबार्से परिसरातही दिसतात. हौस स्तुत्य आहे. मात्र सायकलींआड मागचे दिवे व क्रमांकपट्टी झाकली जाऊ नये. चौकट व चाके पट्ट्यांनी घट्ट बांधावीत. मुलांशेजारी मोकळी ठेवलेली सायकल तर अचानक ब्रेक लागताच त्यांच्यावरच आदळते.

तथापि बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी चिंता निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटास दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल हवी. आठवड्यातून एकदा वाहून नेलेली सायकल ही गरज कशी भागवणार? मुलाला शाळेपर्यंत निर्धास्त सायकल चालवता येईल, असा रस्ता मागणे हेही आपणा डॉक्टरांचे कर्तव्यच होय.