हरित हायड्रोजनचे घोडे धनाग्रापाशी

विशेष प्रतिनिधी

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी देताना २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. चर्चा रंगली ती सौर आणि पवन विजेच्या दरांची. मात्र हा वायू किती स्वस्त होणार, हे बऱ्याच अंशी पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रातील उत्प्रेरकाच्या पातळ थरावर अवलंबून आहे.

पाण्याच्या विघटनास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात. किलोभर हायड्रोजनसाठी सुमारे ३९ युनिट वीज पुरायला हवी, ती ५० ते ५५ युनिटांवर जाते. या नासाडीचा मोठा वाटा धनाग्रावर होतो. ऋणाग्रावर हायड्रोजनचा रेणू दोन इलेक्ट्रॉनांत सुटतो. धनाग्रावर प्राणवायूचा रेणू जुळण्यास चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने काढावे लागतात आणि प्रत्येक नाक्यावर ऊर्जेची जकात पडते.

सौर विजेच्या चढउतारांशी चटकन जुळवून घेणाऱ्या 'पेम' यंत्रांतील आम्लधर्मी वातावरणात टिकतो तो मुख्यतः इरिडियम. त्याचे जगातील वार्षिक उत्पादन अवघे सात-आठ टन, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत. तेलाचे परावलंबित्व सोडून इरिडियमच्या दारात उभे राहण्यात शहाणपण नाही. निकेल-लोहाचे उत्प्रेरक स्वस्त आणि कार्यक्षम. पण ते अल्कधर्मी द्रावणात तग धरतात, आम्लात विरघळतात.

'एमआयटी'च्या डॅनियल नोसेरा यांनी २००८ मध्ये जवळपास उदासीन पाण्यात काम करणारा कोबाल्ट-फॉस्फेटचा उत्प्रेरक मांडला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्या संशोधनातून निघालेली सन कॅटलिटिक्स ही कंपनी पुढे बॅटऱ्यांकडे वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने ती विकत घेतली. प्रयोगशाळेत शंभर तास टिकणे निराळे आणि कारखान्यात वर्षानुवर्षे चालणे निराळे.

मोहिमेच्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी १७,४९० कोटी यंत्रनिर्मिती व हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधनाच्या वाट्याला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. उत्प्रेरक सुधारून किलोमागे पाच युनिट जरी वाचले, तरी ५० लाख टनांच्या लक्ष्यावर वर्षाला अडीच हजार कोटी युनिट वाचतात. युनिटला चार रुपये धरले, तर ही बचत दहा हजार कोटी रुपयांची होते.