एका संशोधकाचा वनवास

मेंदूतील दाह हा आज वैद्यकशास्त्राच्या चिंतनाचा एक प्रमुख विषय झाला आहे. अल्झायमर, कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या व्याधींमध्ये मेंदूतीलच संरक्षक पेशी चेतविल्या जातात आणि रोगाच्या वाटचालीत त्यांचा हात असतो, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. ‘मायक्रोग्लिया’ नावाच्या या पेशींची ओळख जगाला करून देणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांचे नाव मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. त्यांची कहाणी वैद्यांनीच नव्हे, तर विद्यापीठे आणि सरकारे चालविणाऱ्यांनीही अभ्यासावी अशी आहे.

रिओ-ओर्तेगा यांचा जन्म १८८२ साली वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या गावी झाला. माद्रिदमध्ये त्यांनी आचूकारो यांच्या हाताखाली संशोधन केले. त्या काळी तेथील विज्ञानावर १९०६ सालचे नोबेल पारितोषिकविजेते काहाल यांची छाया होती. मज्जापेशी आणि तारकापेशी यांच्याखेरीज मेंदूत जे उरते, त्याला काहाल यांनी ‘तिसरा घटक’ म्हटले होते. रिओ-ओर्तेगा यांनी रौप्य कार्बोनेट वापरून पेशी रंगविण्याची नवी पद्धती सिद्ध केली आणि १९१९ साली या घटकातून मायक्रोग्लिया वेगळ्या काढल्या. निरोगी मेंदूत बारीक फांद्या पसरून असणाऱ्या या पेशी इजा होताच फांद्या आवरून घेतात, इजेच्या जागी सरकतात आणि मृत पेशींचे अवशेष गिळतात, असे त्यांनी दाखवून दिले. उरलेल्या पेशींना त्यांनी पुढे ‘ऑलिगोडेंड्रोग्लिया’ हे नाव दिले.

गुरुस्थानी असलेल्या पुरुषाच्या प्रतिपादनाला दुरुस्ती सुचविणे कोणत्याही देशात सोपे नसते. त्यात प्रयोगशाळेतील हेवेदाव्यांची भर पडली आणि १९२० साली रिओ-ओर्तेगा यांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यांचे संशोधन तेथेच संपले असते. पण माद्रिदच्या ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ या विद्यार्थिवसतिगृहात त्यांना कामापुरती जागा मिळाली. १९२४ साली पेनफिल्ड हा तरुण शल्यविशारद अमेरिकेहून त्यांची पद्धती शिकण्यास आला, तो याच साध्या जागेत.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. रिओ-ओर्तेगा प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते. माद्रिद सुटले, पुढे पॅरिस, ऑक्सफर्ड आणि १९४० साली ब्वेनोस आयरेस असा त्यांचा प्रवास झाला. काम त्यांनी कोठेही थांबविले नाही. परंतु माद्रिदमध्ये घडत आलेले शिष्यमंडळ विखुरले, ते विखुरलेच. १९४५ साली परदेशातच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या शोधाचे पुढे काय झाले? ती रंजनपद्धती अवघड होती आणि ती शिकविणारी परंपराही खंडित झाली होती. त्यामुळे अनेक दशके मायक्रोग्लियाकडे थोड्याच संशोधकांचे लक्ष गेले. कंपवात आणि अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत चेतविलेल्या मायक्रोग्लिया आढळल्याचे मॅकगीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. २०१२ साली या पेशींत कार्य करणाऱ्या एका जनुकातील दोषाचा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध उघड झाला. तेव्हा कोठे त्या जुन्या शोधाचे मोल सर्वांच्या ध्यानी आले.

प्रतिभावंत कोठेही गेला तरी वाट काढतोच, असे म्हणून शासनकर्ते आपली जबाबदारी झटकतात. हा युक्तिवाद फसवा आहे. प्रतिभा ही व्यक्तीची असते. पण ज्ञान टिकते ते संस्थेत, शिष्यांत आणि परंपरेत. लाभ केव्हा, हा प्रश्न विचारून जे आज अनुदान नाकारतात, त्यांना १९१९ च्या माद्रिदमध्ये उत्तर मिळाले नसते. ते मिळण्यास सत्तर वर्षे लागली. म्हणूनच मतभेद झालेल्या संशोधकालाही कामाची जागा देणे हा कोणाचा उपकार नव्हे, ते शहाणपण आहे. एका वसतिगृहाने ते दाखविले; एका राजवटीने दाखविले नाही.

१९८६ साली रिओ-ओर्तेगा यांचे अवशेष सन्मानाने वायादोलिदला आणण्यात आले. अस्थी परत आणता येतात. मोडलेल्या प्रयोगशाळेतील वाया गेलेली वर्षे कोणत्याही समारंभाने परत येत नाहीत.