आधी उसळ वाढा

मिनेसोटात येऊन राहिलेल्या हमोंग आणि कॅरेन समाजांतल्या स्त्रियांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूला थायलंडमध्येच राहिलेल्या स्त्रिया, दुसऱ्या बाजूला इकडे येऊन स्थिरावलेल्या आणि इथेच जन्मलेल्या. निष्कर्ष असा निघाला की अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच आतड्यांतल्या जिवाणूंचे प्रकार कमी होऊ लागतात, वनस्पतींचा चोथा पचवणाऱ्या जाती मागे पडतात, मुक्काम वाढेल तशी घटही वाढते आणि पुढच्या पिढीत ती आणखी ठळक दिसते. सगळा बदल एकट्या जेवणामुळे झाला, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. त्या स्त्रिया मराठी नव्हत्या, हेही खरं. पण भात, पालेभाजी आणि शेंगांवर वाढलेलं पोट घेऊन ब्रेड, चीज आणि सीरियलच्या देशात येणं, हा प्रवास आपल्यालाही ओळखीचा आहे.

यावर बाजाराचं उत्तर तयार असतं. जिवाणू हरवले ना, मग हे घ्या, एका कॅप्सूलमध्ये पन्नास अब्ज. आपल्यातली किती तरी घरं दर महिन्याला यावर चाळीस-पन्नास डॉलर घालवतात. माझं म्हणणं असं की जिवाणू नंतर हरवले, आधी त्यांचं खाणं हरवलं. ज्या घरात चूलच पेटत नाही, तिथे नवे पाहुणे बोलावून काय साधणार?

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळा पुरावा तपासून सांगितलं, की काही मोजक्या परिस्थिती सोडल्या तर पचनाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याजोगा आधार नाही. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या एका प्रयोगात तर अँटिबायोटिक्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. दह्या-ताकाशी माझं भांडण नाही. ताक जेवण म्हणून प्यावं, औषध म्हणून मोजून नव्हे. दूध न सोसणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना दही चालतं, कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं आणि उरलेलं पचवायला दह्यातले जिवाणूच मदत करतात.

मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात ते आपल्याला न पचलेल्या तंतुमय भागावर. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर चालतात. पिट्सबर्गचे वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले वीस जण यांच्या जेवणाची दोन आठवडे अदलाबदल केल्याचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकनांच्या ताटातलं फायबर दिवसाला सुमारे ५५ ग्रॅमवर गेलं, आफ्रिकनांचं १२ वर आलं. दोनच आठवड्यांत पहिल्यांच्या आतड्यांतलं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तराचा दाह कमी झाला, दुसऱ्यांचं नेमकं उलट. मला यातली 'दोन आठवडे' ही मुदत सर्वांत महत्त्वाची वाटते. बिघडायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात सुधारणाही सुरू होऊ शकते.

इथल्या शिफारशीप्रमाणे स्त्रियांना रोज साधारण २५ आणि पुरुषांना ३८ ग्रॅम फायबर हवं. सरासरी अमेरिकन माणूस १५ च्या आसपास घुटमळतो. कपभर शिजलेल्या मसुरात तेवढं १५ ग्रॅम एकट्याने असतं, कपभर पांढऱ्या भातात एक ग्रॅमही नसतं. आणि मसूर परदेशी म्हणावा तर कॅनडातला सस्कॅचेवान प्रांत तो भारतालाच निर्यात करतो. ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते आणि बरीचशी जनावरांच्या तोंडी जाते. शेपू कुठल्याही सुपरमार्केटात 'डिल' म्हणून मिळतो, अंबाडी तेलुगू दुकानात 'गोंगुरा' म्हणून. 'इथे मिळत नाही' ही सबब वीस वर्षांपूर्वी ठीक होती.

खरी सबब वेगळीच असते: कडधान्यांनी गॅस होतात. होतात, नाकारण्यात अर्थ नाही. त्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. पण आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात यावर तोड होतीच. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकलं की त्या शर्करा बऱ्याच निघून जातात, मोड आणले की आणखी घटतात. आपण मात्र आठवडाभर पास्ता खातो, शनिवारी न भिजवलेला राजमा कुकरला लावतो आणि रविवारी कडधान्यांना दोष देतो. सवय मोडलेल्या पोटाला अर्ध्या वाटीपासून सुरुवात लागते, आधी मूग-मसूर, मग मटकी, शेवटी हरभरा. सोबत पाणीही वाढवायला हवं. चार-सहा आठवडे हे करूनही पोट फुगत असेल, तर 'इरिटेबल बाउल' असू शकतो. त्यासाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने बसवलेली आहारपद्धत आहे. ती आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावी. त्यात काही पदार्थ थोडे दिवस बंद करून एकेक परत आणायचे असतात. आपल्याकडे लोक बंद करतात आणि परत आणायचं विसरतात.

'नैसर्गिक' लेबलाबद्दल दोन शब्द. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे पूरक गोळ्यांना विक्रीआधी सरकारी मंजुरी लागत नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि तिचा अर्क वेगळा. पोट साफ करणाऱ्या 'हर्बल' चहांत बहुधा सोनामुखी असते आणि ती रोज महिनोन्‌महिने घेण्याची वस्तू नाही. इसबगोलाला मात्र मी या यादीतून वगळतो. तो साधा भुसा आहे, गुजरातमधल्या उंझ्याच्या बाजारातून इकडे येतो आणि मेटाम्युसिल म्हणून आपल्यालाच नारिंगी रंगात परत विकला जातो. भरपूर पाण्याबरोबर घेतला तर काम करतो.

पित्ताबद्दलही थोडं. भारतातून येताना बॅगेत आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची पाकिटं भरून आणायची आणि वर्षभर स्वतःच्या मनाने घ्यायची, हे थांबायला हवं. जठराच्या अल्सरमागे बहुधा तिखट नव्हे तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी दाखवलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. भारतात वाढलेल्यांत हा संसर्ग सर्रास आढळतो, साध्या चाचणीत कळतो आणि औषधांनी जातो. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांवर भाकरी हा उपाय नाही, डॉक्टर हा आहे. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगतात. आपल्या मंडळींत ती लाजेखातर पुढे ढकलली जाते.

आता आपल्या मराठी मंडळाकडे वळतो, कारण आपल्यातल्या अनेकांचा शनिवार-रविवार मंडळाच्या नाहीतर मित्रांच्या पंगतीतच जातो. आपला सणाचा बेत पाहा: पुऱ्या, बटाट्याची भाजी, पनीर, मसालेभात, गुलाबजाम. हे परंपरेचं जेवण म्हणून खपवलं जातं, पण परंपरेच्या पानात उजव्या बाजूला डाळिंब्यांची उसळ आणि अळूची पातळ भाजी असायची, डावीकडे कोशिंबीर. पनीर त्या पानात नव्हतंच. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आठवड्यात तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत जिवाणूंचं वैविध्य अधिक असतं, असं एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. ऋषीच्या भाजीत त्यांतल्या आठ-दहा एका वाटीत येतात. (उपासाचं मात्र कौतुक नको. एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि तेही साबुदाणा.)

वेळेचाही प्रश्न आहे. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्यातून एक लाट उरलंसुरलं पुढे ढकलत जाते आणि काही खाल्लं की ती थांबते. मंडळाच्या कार्यक्रमात आपण चार वाजता बटाटेवडा, सहाला चहा-बिस्किट, नाटक संपल्यावर पावणेदहाला जेवण आणि गाडीतून घरी जाऊन लगेच आडवे. छातीत जळजळ होणारच. जेवण नाटकाआधी ठेवा. कलाकारांची नाराजी पत्करावी लागेल, ती पत्करावी.

मुलं खात नाहीत, असं कुणी म्हणेल. काळ्या घेवड्याचा बरिटो चवीने खाणारी मुलं मटकीला नाक मुरडतात, कारण ती त्यांच्या पानात पडतच नाही. म्हणून मंडळाच्या दिवाळीच्या पंगतीत आधी उसळ वाढा. डाळिंब्या सोलायला माणसं नाहीत असं केटरर म्हणाला तर मटकी चालेल, ती सोलावी लागत नाही. गुरुवारी रात्री भिजवायची, शुक्रवारी सकाळी उपसून पंच्यात बांधायची, शनिवारी सकाळी मोड येतात. दिवाळीच्या सुमाराला थंडी असते, म्हणून गाठोडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावं.