भाडेपावतीत न दिसणारी मुंबई

दक्षिण मुंबईतील गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत स्थान मिळाले, याचा मुंबईकरांना अभिमान वाटावा हे योग्यच होय. मात्र या महानगराचा आणखी एक वारसा असा आहे की, ज्याला कमान नाही, घुमट नाही आणि ज्याची नोंद भाडेपावतीतही धड सापडत नाही. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींमधील ‘गावाच्या खोल्या’ आणि धोबीतलाव, माझगाव भागांतील गोवेकरांचे ‘कूड’ हा तो वारसा. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वेग आलेला असताना या जागांचे काय होणार, याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत गोव्यातील कितीतरी गावांचे कूड नांदत आले. १९६१ पूर्वी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. म्हणजे कामधंद्यासाठी मुंबईस येणारा गोवेकर ख्रिस्ती तरुण कायद्याच्या दृष्टीने परक्या मुलखाचा रहिवासी होता. बोटीवरील खलाशी, आचारी यांचा त्यांत मोठा भरणा असे. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत आठवडे, प्रसंगी महिने जात. तोवर टेकावयास कूड होता. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, एका अंगास गावच्या संताची वेदी, सायंकाळी तेर्साची प्रार्थना आणि परवडेल अशी मासिक वर्गणी, एवढाच त्याचा सरंजाम.

कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्यांनीही हीच व्यवस्था स्वतंत्रपणे उभी केली. एका खोलीत वीस-तीस माणसे. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, आणि तेही पगार होईपर्यंत उधारीवर. (या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या दारात नेण्याचे काम १९७५ पासून प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केले. तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावासा वाटतो. गिरणीतील भरती जॉबरच्या हाती असे, आणि जॉबर गाववाल्यांना आधी पाहत असे. नोकरी लागली तरी ती बहुधा बदलीची. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत खोलीवर. १९३५ साली मुंबईतील गिरण्यांत बदलीपद्धतीला नियमांची चौकट आली, पण मिळकतीतील अनिश्चितता काही सरली नाही. ही अनिश्चितता गिरणीमालकाने सोसली नाही, सरकारनेही सोसली नाही; ती गावाच्या खोलीने सोसली. नोकरीची बातमी, अडीनडीचे कर्ज, भिशी, आजारपणातील शुश्रूषा, मेल्यावर चार खांदेकरी हे सारे तेथे मिळे. ज्याला आपण आज सामाजिक सुरक्षा म्हणतो, तिचा खर्च मुंबईच्या कापडाच्या किमतीत कधी धरलाच गेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार इतके दीर्घकाळ टिकू शकले, त्यात गावाचा आणि या खोल्यांचा वाटा थोडा नव्हता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. खोली एका गावची असे, आणि पुष्कळदा एका जातीची. स्त्रीला तेथे जागा नव्हती. ती मनीऑर्डरची वाट पाहत गावी शेती ओढत राहिली. स्वस्ताईचे श्रेयही केवळ गाववाल्यांच्या एकोप्याचे नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली म्हणून ती परवडली. आणि भाडी गोठली म्हणूनच घरमालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकर भरणाऱ्या इमारतींची संख्या १९,६४२ होती, यावरून दुखण्याची व्याप्ती ध्यानी यावी.

खरी अडचण आहे ती कायद्याच्या दृष्टीची. कायदा भाडेकरू ओळखतो तो नावाने. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवानगीने ताब्यात होता त्याला संरक्षण देतानाही प्रश्न ‘ताबा कोणाचा’ हाच होता. पाळीपाळीने झोपणाऱ्या तीस माणसांचा ताबा कसा मोजावयाचा? पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांची सदनिका मिळते. पावती एखाद्या जुन्या कारभाऱ्याच्या नावे असेल, तर हक्क त्याच्या वारसांकडे जाण्याचा धोका उघड आहे. ती मंडळाच्या नावे असली, तरी पदरात पडते ती कुटुंबासाठी आखलेली एक सदनिका आणि तिचा मासिक देखभालखर्च. शिवाय मनोऱ्यातील शेजारी तीस परक्या पुरुषांची ये-जा कितपत चालवून घेतील?

गिरण्या गेल्या, तेव्हा या जागांची गरजही संपली, असे कोणी म्हणेल. परंतु परीक्षेसाठी, इस्पितळातील उपचारांसाठी, पहिल्या नोकरीसाठी माणसे या शहरात येतच आहेत, आणि एका खाटेपुरती जागाही त्यांना महाग पडते आहे. म्हाडाच्या सर्वेक्षणात निवासी आणि अनिवासी यांखेरीज ‘सामूहिक भाडेकरू’ असा तिसरा रकाना घालता येईल. अशा मंडळांना नव्या इमारतीत सदनिकेऐवजी तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर वसतिगृहाची जागा देता येईल, आणि एकाच आवारातील चार-पाच गावांनी ती एकत्र चालविली तर गावाचे आणि जातीचे कुंपणही थोडे खाली येईल. त्यासाठी मंडळांनी आपल्या वर्गणीच्या वह्या, सभासदांच्या याद्या आणि जुन्या पावत्या विकासकाशी करारनामा होण्यापूर्वीच एकत्र करून ठेवल्या पाहिजेत. कारण कायद्यापुढे मांडण्याजोगा दुसरा पुरावा त्यांच्यापाशी नाही.