खर्च वाढला, पण पैसा कुठून आला?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत तामिळनाडूचा माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ५,३१० आणि शहरी भागात ७,६३० रुपये निघाला. महाराष्ट्राचे आकडे ४,०१० आणि ६,६५७. दिवाळीच्या तोंडावर चेन्नईच्या टी. नगरात, रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत शिरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण खर्च जास्त म्हणजे कमाई जास्त, हा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. ही पाहणी उत्पन्न विचारतच नाही.

खर्चाचा काही भाग खरोखर सुबत्तेचा आहे. तामिळनाडूत २०११ पासून रेशनवर तांदूळ फुकट मिळतो, २०२१ पासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. तांदळाचे वाचलेले पैसे दूध, अंडी, फोन, शिकवणीकडे वळले, हे चांगलंच झालं. हा खर्च मी कर्जाच्या खात्यात टाकणार नाही.

दुसरा भाग मात्र सोन्यावर उभा आहे. तिथे दागिना पवनात मोजतात, एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. शाळेची फी, दवाखाना, घराचं डिपॉझिट, काहीही निघालं की दोन पवन बँकेत किंवा सावकाराकडे तारण जातात. ही सवय किती खोल आहे ते निवडणुकीतून कळतं. सहकारी संस्थांकडची पाच पवनांपर्यंतची दागिने-कर्जं माफ करण्याचं आश्वासन द्रमुकने २०२१ मध्ये दिलं आणि सत्तेवर आल्यावर पाळलं. आपल्याकडे पीककर्ज माफ होतं, तिथे मंगळसूत्रावरचं कर्ज. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारणाचे नियम कडक करायचा मसुदा काढला, तेव्हा मुख्यमंत्री स्टालिन यांनी विरोधाचं पत्र लिहिलं. जूनमधल्या अंतिम नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा मिळाली.

धोका इथे आहे. सोन्याचा भाव चढत असताना तेच दोन पवन दरवर्षी जास्त पैसे देतात. जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडता येतं, वर हातात चार पैसेही उरतात आणि ते खर्च होतात. घराची कमाई तेवढीच असते. भाव वीस टक्क्यांनी उतरला, तर ८५ टक्के उचललेल्याचा दागिना कर्जाहून स्वस्त होतो, आणि मग लिलावाची नोटीस येते.

दक्षिणेतल्या शहरांत सोनं गाळण्याच्या धंद्यात आपल्या सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोडवता न आलेला दागिना शेवटी अशाच एखाद्या गलाईवाल्याच्या मुशीत जातो. खर्चाच्या पाहणीत मात्र त्या दागिन्यावर घेतलेला फ्रिज तेवढा दिसतो.

देशभराचं चित्रही फार वेगळं नाही. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सुमारे पाच टक्क्यांवर, अनेक दशकांच्या नीचांकावर आली होती. कर्जाची पाहणी सरकार करतं, पण वेगळी, वेगळ्या वर्षी. ती २०१९ मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत झाली. खर्च एका घराला विचारायचा आणि कर्ज काही वर्षांच्या अंतराने दुसऱ्याच घराला, अशी ही व्यवस्था आहे. दोन्ही प्रश्न एकाच उंबरठ्यावर सविस्तर विचारले जात नाहीत, तोवर तामिळनाडूच्या ७,६३० रुपयांतले उसने किती, हे सांगता येणार नाही. लाडक्या बहिणींच्या हप्त्यांनंतर महाराष्ट्राचा आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा त्याबद्दलही नाही.