सर्वांत उंच कोण? आधी मोजपट्टी पाहा

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातली उंच इमारतींची यादी बहुतेक घरांतील मुलांना पाठ असते. पहिली दुबईची बुर्ज खलिफा, ८२८ मीटर. दुसरी क्वालालंपूरची मर्डेका ११८, सुमारे ६७९ मीटर. तिसरा शांघाय टॉवर, ६३२ मीटर. चौथा मक्का शरीफचा घड्याळाचा टॉवर, ६०१ मीटर. यादी बरोबर आहे, पण ही उंची कुठपर्यंत मोजली, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

आम्ही शाळेत मुलांची उंची मोजताना चप्पल काढायला लावतो, टोपी उतरवतो. इमारतींनाही टोपी असते. कुणाच्या माथ्यावर टोकदार सुळका असतो, कुणाच्या माथ्यावर अँटेना. शिकागोची एक जागतिक संस्था या इमारतींचा क्रम लावते. तिचा नियम असा, की सुळका हा इमारतीच्या घडणीचा भाग म्हणून धरायचा. अँटेना, झेंड्याची काठी, पाटी मात्र धरायची नाही.

या नियमावरून मोठा वाद झाला. शिकागोचा ११० मजली सीअर्स टॉवर १९७४ पासून पहिला मानला जात होता. ढाक्याकडचे अभियंता फजलुर रहमान खान यांनी त्याचा सांगाडा रचला होता. जेद्दाहच्या हज टर्मिनलचे तंबूसारखे छतही त्यांच्याच कल्पनेतून साकारले. सीअर्सचे छत ४४२ मीटरवर आहे. मग क्वालालंपूरचे ८८ मजली पेट्रोनास जुळे टॉवर आले. सुळक्यांसह त्यांची उंची ४५२ मीटर भरली आणि १९९६ मध्ये पहिला मान त्यांना मिळाला. माणसे वावरतात असा सर्वांत वरचा मजला मात्र सीअर्सचाच जास्त उंच होता. शिकागोकर नाराज झाले. शेवटी संस्थेने सुळक्याचे टोक, वापरातला मजला, छत आणि अँटेनाचे टोक अशा चार वेगळ्या याद्या केल्या.

२०१३ मध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंची १,७७६ फूट ठरवली होती. १७७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे वर्ष. पण माथ्यावरच्या खांबाचे नियोजित आवरण वगळण्यात आले होते. मग तो सुळका की अँटेना? संस्थेने सुळका म्हटले आणि इमारत ५४१ मीटरची ठरली. अँटेना म्हटले असते, तर ती ४१७ मीटरची होऊन सीअर्सच्याही मागे पडली असती.

आता आजची यादी वापरातल्या मजल्यावरून तपासू. बुर्ज खलिफाचा असा मजला सुमारे ५८५ मीटरवर आहे. त्याच्यावर २४० मीटरहून जास्त भागात कुणी राहत नाही. शांघाय टॉवरचा मजला ५८३ मीटरवर, म्हणजे फरक जेमतेम दोन मीटरांचा! आणि यादीत दुसरी असलेली मर्डेका ११८ इथे शांघायच्या जवळजवळ ८० मीटर खाली राहते.

यात फसवणूक नाही. नियम जाहीर आहे आणि सुळक्याला स्वतःची शोभाही आहे. मात्र आकडा पाठ करणाऱ्या मुलाला नियमही माहीत हवा. शिकवणीच्या जाहिरातीत ‘पहिला नंबर’ छापून येतो, दुकानावर ‘सर्वांत मोठे’ अशी पाटी लागते. तेव्हा घरातल्या मुलाने ‘कशात पहिला? मोजले कुणी, कुठून कुठपर्यंत?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नका. त्याचा अभ्यास नीट चालला आहे.