दार आधी अरुंद होते, मग बंद होते

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील एक मुलगी घरी आली होती. परगावी मोठ्या कॉलेजात शिकते. गुण भरपूर, फी माफ, वसतिगृहात जागाही मिळालेली. प्रवेश मिळाला तेव्हा तिच्या आईने वाटलेले पेढे आम्हीही खाल्ले होते. रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, मला परत जायचे नाही."

आम्ही कारण विचारले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मेसमध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते, एवढेच. अभ्यासाचे गट पडतात तेव्हा तिला सर्वांत शेवटी घेतात. कुणीतरी हसत हसत विचारते, "तुला किती टक्क्यांवर मिळाली गं अ‍ॅडमिशन?" तक्रार करावी तर लिहिणार काय? मग तिनेच विचारले, "काका, जिथे आपण पाहुणे नसतो, असे कॉलेज जगात कुठे आहे का हो?"

आम्ही कचेरीत फायली सांभाळणारे. जगातली कॉलेजे आम्हाला कुठून ठाऊक असणार? पण अमेरिकेतील एका लहानशा कॉलेजाची हकीकत आम्ही वाचली होती. तीच तिला सांगितली. तुमच्याही घरात शिकणारी मुले आहेत, म्हणून येथे लिहितो.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात बेरिया नावाचे गाव आहे. तेथे जॉन फी नावाच्या धर्मोपदेशकाने १८५५ साली एका खोलीची शाळा काढली. हे फी महाशय गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मले. पण गुलामी हे पाप आहे असे ते उघड बोलू लागले आणि बापाने त्यांना वारसा नाकारला. सर्व माणसांचे रक्त एकच, ही त्यांच्या शाळेची शिकवण. केंटकीत तेव्हा गुलामांची खरेदी-विक्री राजरोस चाले. १८५९ साली हत्यारबंद जमावाने फी आणि त्यांच्या सोबत्यांना गावातून हाकलून लावले.

यादवी युद्ध संपले, गुलामी गेली आणि फी परत आले. १८६६ साली शाळेत काळी मुले दाखल झाली, तेव्हा काही गोरी मुले उठून निघून गेली. फी डगमगले नाहीत. १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी होते. त्यांत ९६ काळे आणि ९१ गोरे. मुलगे आणि मुलीही एकत्र. कालपर्यंत जी माणसे बाजारात विकली जात होती, त्यांची लेकरे मालकांच्या लेकरांबरोबर एका बाकावर बसली. वाचक हो, आमच्या आजोबांना शाळेच्या ओसरीत पोते टाकून बसवत, हे आठवा म्हणजे या बाकाची किंमत कळेल.

हे कॉलेज विद्यार्थ्याकडून शिकवणीचा पैसा घेत नाही. १८९२ पासून आजतागायत घेतलेला नाही. संस्थापकाचे आडनाव फी, आणि कॉलेजात फी नाही! प्रवेश मुख्यतः गरिबाघरच्या मुलांनाच. आजही तेथे सुमारे दीड हजारच विद्यार्थी आहेत. भाषा, इतिहास, विज्ञान, कला असे सर्व विषय तेथे शिकवतात आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला निदान दहा तास काम करतो. कुणी ग्रंथालयात, कुणी शेतावर, कुणी कचेरीत, कुणी मागावर, तर कुणी झाडू बांधतो. होय, झाडू! आमच्याकडे झाडू कुणाच्या हाती द्यायचा हे जन्मावरून ठरवले गेले. तेथे झाडू बांधणाऱ्याला त्याची मजुरी मिळते आणि हात धुऊन तो तत्त्वज्ञानाच्या तासाला बसतो. काम सर्वांनाच असल्यामुळे 'फुकट शिकणारा' असे कुणी कुणाला म्हणू शकत नाही.

येथवर ऐकून त्या मुलीचा चेहरा खुलला. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

१८९२ साली विल्यम फ्रॉस्ट हे अध्यक्ष झाले. डोंगराळ भागातील गरीब गोऱ्यांनाही शिक्षण हवे, असे ते म्हणू लागले. ते खोटे नव्हते. गरिबी गोऱ्यांतही होती आणि आहे. देणगीदारांनाही ही गोष्ट पटली. पण त्यासाठी गोऱ्या मुलांची भरती इतकी वाढवली, की जे काळे विद्यार्थी एकेकाळी निम्म्याहून अधिक होते, ते दहा-बारा वर्षांत पाचव्या हिश्श्याच्याही खाली आले. पूर्वी काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांत मिसळण्याला जी मोकळीक होती, तीही आवळली गेली. म्हातारे फी जिवंत होते, त्यांनी नाराजी बोलून दाखवली. १९०१ साली ते वारले. कुणी काळ्यांना 'येऊ नका' म्हटले नव्हते. दार उघडेच होते. फक्त अरुंद झाले होते.

आणि मग १९०४ साली ते बंद झाले. कार्ल डे नावाच्या आमदाराने आणलेला कायदा केंटकीने मंजूर केला. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरला. काळ्यांसाठी वेगळी शाखा काढायची तर निदान पंचवीस मैल दूर! राज्यात दोघांना एकत्र शिकवणारे कॉलेज हे एकच, म्हणजे कायदा कुणासाठी होता ते उघड आहे. कॉलेजला एक हजार डॉलर दंड झाला. कॉलेज थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ साली हरले. न्यायालय म्हणाले, कॉलेज ही राज्याने सनद देऊन जन्माला घातलेली संस्था आहे, म्हणून ती सनद राज्य बदलू शकते. आम्ही बी. कॉम.ला कंपनी कायदा शिकलो, की कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती असते. त्या कोरड्या कलमाने माणसांच्या लेकरांना शाळेबाहेर काढता येते, हे मात्र आम्हाला कुणी शिकवले नव्हते. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकाल लिहिला. ते स्वतः केंटकीचेच होते.

कॉलेजने काळ्या विद्यार्थ्यांना दुसरीकडे शिकण्यासाठी पैशाची मदत केली. निधी जमवून त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था १९१२ साली सुरू केली. पण वेगळे ते वेगळेच. बेरियाचे दार त्यांना पुन्हा उघडले ते १९५० साली, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. शेहेचाळीस वर्षे! एवढ्यात दोन पिढ्या म्हाताऱ्या होतात.

दार बंद होण्यापूर्वी जे शेवटचे लोक आत पोचले, त्यांत कार्टर वुडसन होते. आईबाप पूर्वीचे गुलाम. स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेले, विसाव्या वर्षी हायस्कुलात गेलेले. १९०३ साली त्यांनी बेरियाची पदवी घेतली, १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ साली काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत तो महिनाभर पाळतात. एक वर्ष उशीर झाला असता तर? अशी किती माणसे त्या शेहेचाळीस वर्षांत दाराबाहेरून परत गेली, त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात असणार?

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा केंटकीत हा कायदा लागू होता. काळ्यांचा प्रश्न त्यांना परका नव्हता. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान नेते डुबॉइस यांना पत्रही लिहिले होते. बेरियाचे दार पुन्हा उघडले त्याच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. दुसऱ्याच्या दाराकडे किती वर्षे पाहायचे, म्हणून त्यांनी स्वतःचे दार बांधले.

अमेरिकेत आजही हा वाद मिटलेला नाही. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली. म्हणजे एकदा मिळाले ते कायमचे, असे कुणी समजू नये.

आईबापांनो, आम्हाला सांगायचे ते एवढेच. प्रवेशाची यादी लागली की आपण पेढे वाटतो आणि निर्धास्त होतो. पण रिकामी खुर्ची, शेवटी मिळणारा गट, हसत विचारलेले टक्के, ही दार अरुंद होण्याची लक्षणे आहेत. मूल सुट्टीत घरी आले की गुण नंतर विचारा. आधी विचारा, जेवायला कुणाबरोबर बसतोस? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम करून कॉलेजांत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा असे ठरवले. मुलाच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, ते विचारून घ्या. तक्रार तारीख-वार घालून लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, पोच असलेला कागद फायलीत राहतो. हे आम्ही कारकुनीच्या अनुभवाने सांगतो. आणि आपल्यातील पुढच्या वर्गातली मुले त्याच कॉलेजात असतील, तर त्यांनी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी आपल्या टेबलावर बोलवावे. याला तर कोणताही नियम लागत नाही.

सुट्टी संपल्यावर ती मुलगी परत गेली. आम्ही एस. टी. स्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडीत चढताना ती म्हणाली, "काका, यंदा आमच्या वसतिगृहात आपल्यातली दोन मुली नव्याने आल्या आहेत. अजून मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही."

आम्ही म्हटले, "मग आज रात्रीच बोल."

जयभीम!